हरेल त्याच्याकडे

पंचांनी तिचं तिसरं यान उचलून खोक्यात ठेवलं. आता टेबलावरच्या काळ्या कापडावर दोनच यानं उरली होती. एक तिचं, एक तिच्या धाकट्या भावाचं.

"बरोबरीत आलो की, ताई."

"दिसतंय मला. दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासते मी, उगाच नाही."

वाचनालयाच्या मागच्या हॉलमधली बाकीची टेबलं एकेक करत रिकामी झाली होती. सकाळपासून हरलेले सगळे खुर्च्या ओढून या शेवटच्या टेबलाभोवती बसले होते. अंगठ्याएवढी, हाताने रंगवलेली यानं. तारे छापलेलं कापड म्हणजे अंतराळ. जिंकणाऱ्याला कप मिळणार होता. हरणाऱ्याला छोटा कप, आणि बाबा.

हे बाबांचं मात्र पंचांना ठाऊक नव्हतं. ते त्या दोघांचं आपसात ठरलं होतं. हरेल त्याच्याकडे बाबा.

आई गेल्यावर बाबा एकटेच राहत होते. गॅस तसाच चालू ठेवून झोपले, तेव्हा शेजाऱ्यांनी दोघांनाही फोन केले. आता त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता. पण बाबा म्हणजे काही कोपऱ्यात ठेवायची कुंडी नव्हे. ते रेडिओवरच्या बातम्यांशी तावातावाने भांडायचे. दाराची कडी लावली का, हे गाढ झोपलेल्या माणसाला हलवून विचारायचे. भाजीत मीठ कमी पडलं की ताट सरकवून गप्प बसायचे, आणि ते गप्प बसणं रेडिओपेक्षा मोठं वाटायचं.

बहीण-भाऊ फोनवर एरवी तासन्‌तास बोलत. बाबांचा विषय निघाला की दोघांचेही आवाज चढत आणि कुणीतरी फोन आपटत असे. शेवटी भाऊच म्हणाला, स्पर्धेत समोरासमोर आलो की पटावर ठरवू. लहानपणी त्यांची भांडणं बाबा असाच पट मांडून मिटवायचे. ती म्हणाली, चालेल, पण नंतर कुरकूर नाही.

"चकत्या लावा," पंच म्हणाले. त्यांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि खिळे मोजून द्यावेत तसे ते शब्द द्यायचे.

यान किती लांब जाणार, कुठे वळणार, ते चकती फिरवून ठरवायचं. हाताच्या आडोशाला फिरवायची, पालथी ठेवायची. मग दोघांच्या एकदम उलटायच्या. एकदा ठेवली की बदल नाही.

चकत्या उलटल्या. तिचं यान वळसा घेऊन नेमकं त्याच्या पाठीशी आलं. तिने फासे टाकले. तीन फासे, तिन्हींवर मार. मागे कुणीतरी टाळी वाजवली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

"फासे आज तुझ्या बाजूने आहेत."

"फाशांना कुठे अक्कल असते!"

आता त्याची पाळी होती. तिचं यान समोर होतं, वाट मोकळी. आधी नेम धरला असता, तर फसलेला फासा पुन्हा टाकता आला असता. त्याने सरळ फासे उचलले आणि टाकून दिले.

"अरे, आधी नेम तरी धर!" उपान्त्य फेरीत हरलेले दाताचे डॉक्टर मागून ओरडले. पंचांनी डोळे वटारले. डॉक्टर शेजारच्याच्या कानात कुजबुजले, "घाबरलाय पोरगा."

नेम न धरताही दोन मार लागले. भावाने कपाळावरचा घाम पुसला. आता दोघांचंही यान एका मारात जाणार होतं.

"हरलास तर रोज तीन जिने," ती चकती हातात घेत म्हणाली. "त्यांचे गुडघे कसे आहेत ते माहीत आहे ना?"

"तू हरलीस तर? दोन खोल्यांत तुम्ही चौघं, त्यात तो रेडिओ."

"माझं मी बघीन."

"मग माझंही मी बघीन."

"बायको काय म्हणाली निघताना?"

"म्हणाली, तोंड पाडून घरी येऊ नकोस."

ती हसली नाही. पुढच्या फेरीत ती काठाकडे पळाली. तोही मागोमाग आला. दोन्ही यानं कापडाच्या काठाशी येऊन ठेपली. दोघांचीही नाकं बाहेरच्या बाजूला, तो तिच्या मागे बोटभर.

भोवतीच्या खुर्च्या टेबलाजवळ सरकल्या. काठापलीकडे गेलेलं यान बाद, हे तिथल्या लहान मुलालाही माहीत होतं. म्हणजे दोघांनाही वळणं भाग होतं. प्रश्न एवढाच, डावीकडे की उजवीकडे. दोघं एकाच बाजूला वळले तर ती त्याच्या नेमात सापडणार. वेगळे वळले तर निसटणार.

"ती डावीकडे जाणार," कुणीतरी पुटपुटलं.

"त्यालाही ते माहीत असणार. बहीण आहे त्याची."

"काठाचा अंदाज चुकला तर?"

"कसा चुकेल?" डॉक्टर म्हणाले. "तो शाळेची बस चालवतो. आणि बाई केसाएवढा फरक नुसत्या बोटाने ओळखते."

तिने चकती फिरवली, थांबली, पुन्हा चाचपून पाहिली आणि पालथी ठेवली. भावाने केव्हाच ठेवली होती. तो तिच्याकडे बघत होता, लहानपणी आंघोळीचं पाणी कोण आधी घेणार यावरून बघायचा तसा.

"ताई."

"काय?"

"ठरलंय ते ठरलंय. हरेल त्याच्याकडे. मागाहून रडायचं नाही."

"रडणारा तूच," ती म्हणाली. "शब्द फिरवायचा नाही हं."

"नाही फिरवणार."

"उघडा," पंच म्हणाले.

दोन्ही चकत्या एकदम उलटल्या. दोन्हींवर बाण सरळ होता. पूर्ण वेगाने, काठाबाहेर.