बैलाचं नाव

विहिरीवरच्या पाण्याच्या पाळीवरून रतनसिंगचं शेजारच्या देविदासशी बोलणं बंद झालं, तेव्हा त्यानं आपल्या बैलाचंच नाव देविदास ठेवलं. सात वर्षं औत हाकताना तो बांधापलीकडं ऐकू जाईल असा ओरडायचा, "हाल की देविदास, मुर्दाड कुठला! नुस्ता झोपून राहिला!" खरा देविदास दातओठ खात आपलं औत हाकत राहायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या पोळ्याला रतनसिंगच्या बायकोनं, धुरपताबाईनं, त्या बैलाचे पाय धुतले, त्याला ओवाळलं आणि पुरणपोळी तोंडापुढं धरून ती म्हणाली, "खा रे देविदास, लई राबलास."

शेजारच्या कुडावरून खऱ्या देविदासनं डोकं वर काढलं.

"वैनी, सात वर्षं शिव्या मी खाल्ल्या, मग पोळी त्याला काहून?"