सोमवारचा युनिफॉर्म

"माझ्या छातीतली गाठ तुम्ही दिलीत, साहेब. आता ओळखसुद्धा दाखवत नाही."

सुशीलाबाईंनी कापडी पिशवी टेबलावर ठेवली. टेबलामागचा साहेब हसला. पुण्यातला साहेब चिडत नाही, हसतो. ते जास्त झोंबतं.

"आजी, कंपनीची तपासणी कामगारांसाठी असते. आपण कामगार होतात का?"

नव्हत्या. कामगार होते नागोराव, त्यांचे यजमान. शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसलेले. हडपसरच्या या कंपनीत ॲस्बेस्टॉस घातलेल्या ब्रेकच्या पट्ट्या घासण्यात त्यांची हयात गेली. कारखाना बंद पडला. त्याच्या जागी आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. कंपनीने स्वतःपुरतं एवढं एक ऑफिस ठेवलं, भाडी गोळा करायला. जुन्या कामगारांची छाती ती वर्षातून एकदा फुकट तपासायची. कोर्टाने बजावलं म्हणून, माया आली म्हणून नव्हे. नागोरावांची छाती दर वेळी साफ निघायची.

गाठ निघाली ती सुशीलाबाईंच्या छातीत. लेक मैत्री इथल्याच एका आयटी कंपनीत. त्या कंपनीने कर्मचाऱ्यांच्या आईवडिलांची तपासणी केली, तेव्हा बाईंच्या उजव्या फुफ्फुसात वाटाण्याएवढी गाठ दिसली. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, विडी ओढता? मिश्री? घरात चूल? आसपास वीटभट्टी? बाई नाही नाही म्हणत गेल्या आणि शेवटी भडकल्या. पाप केल्याशिवाय रोग होत नाही, असं ही शिकलेली माणसंही मानतात की काय? डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, वाढली तर बघू, तोवर निवांत राहा. छातीत गाठ घेऊन निवांत कसं राहायचं, त्याची गोळी काही त्यांनी लिहून दिली नाही.

बाई घरी येऊन स्वतःचा श्वास ऐकत बसल्या. चाळीतली शालन आली, एका बाबाचा दोरा बांधून घे म्हणाली. बाईंनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे बोट दाखवलं. शालन चहा पिऊन गेली. पण दोरा नाकारला म्हणून भीती थोडीच जाते?

मग एका सकाळी दारात चादर झटकताना त्यांचा हात वरच्या वर थांबला.

याच पायरीवर उभं राहून दर रविवारी त्या नागोरावांचा युनिफॉर्म झटकायच्या. कारखान्यात धुवायची सोय नव्हती, आणि सोमवारी मळका युनिफॉर्म दिसला की गेटवरून माणूस परत. कपड्यात पट्ट्यांची ती पांढरी पूड असली की साबणाला फेस येत नसे. म्हणून आधी झटकायचं, मग भिजवायचं. सुशीलाबाईंचा झटका असा, की चाळीच्या टोकाला आवाज जावा. शेजारची मैना नवी सून होऊन आली, तेव्हा सासूने तिला झटकणं शिकायला यांच्याकडेच धाडलं होतं. आणि पायरीवर बसलेली इवलीशी मैत्री. हवेत उडणारी पूड बघून तिला वाटायचं, कापसाच्या म्हाताऱ्या आल्या. टाळ्या वाजवत ती त्या पकडायला धावायची.

स्वतःची गाठ बाईंनी पचवली. मैत्रीच्या त्या टाळ्या पचेनात.

श्वास मोजणं त्यांनी त्या दिवशी बंद केलं. दुसऱ्या दिवशी नागोरावांना पुढे घातलं आणि थेट इथे आल्या. मागणं एकच होतं. ज्या बायकांनी ते कपडे धुतले आणि जी पोरं त्या पायऱ्यांवर वाढली, त्या सगळ्यांची छाती कंपनीने तपासावी.

साहेबाने घड्याळ बघितलं. नागोराव हळूच म्हणाले, "चल सुशीला. ही माणसं ऐकायची नाहीत."

"अहो, उभा जन्म तुम्ही यांचं ऐकलंत. आज यांना ऐकू द्या."

साहेब आता समजावणीच्या सुरात आला. त्या काळी आपण स्वतः कारखान्यातच होतो म्हणाला. नागोरावांनाही ते आठवत होतं. साहेबाची केबिन काचेची होती, दार कायम लावलेलं.

"साधी धूळ होती हो ती," साहेब म्हणाला. "रस्त्यावर असते तशी. कपड्यांतून घरी जाऊन कुणाला काही होत नसतं. मनाचे खेळ आहेत, आजी. वयाप्रमाणे होतात."

सुशीलाबाईंनी पिशवी उघडली. आतून खाकी शर्ट काढला. खिशावर कंपनीचं नाव, कोपर झिजलेलं. नागोरावांचा शेवटचा युनिफॉर्म, त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेला. बाई उभ्या राहिल्या. शर्टाचे दोन्ही खांदे मुठीत धरले, आणि रविवारी पायरीवर झटकायच्या तसा साहेबाच्या टेबलावर एकदा कडाडून झटकला.

साहेबाची खुर्ची मागे जाऊन भिंतीवर आदळली. एका हाताने त्याने रुमाल नाकावर दाबला होता, दुसऱ्या हाताचा पंजा चहाच्या कपावर. डोळे मिटलेले. श्वास रोखलेला.

नागोराव पहिल्यांदा मान वर करून बघत होते.

टेबलावर काहीच पडलं नाही. खोलीत नुसता साबणाचा वास पसरला. बाईंनी शर्टाची घडी घातली आणि ती साहेबापुढे सरकवली.

"कालच धुतलाय, साहेब. एक कण नाही त्यात. आणि असता तरी साधी धूळच ना? मग नाक का धरलंत? सांगा."