समोरची बाजू

विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कायदा संशोधन केंद्रात मूट कोर्टसाठी, म्हणजे सरावाच्या खटल्यासाठी, चिठ्ठ्या काढल्या आणि शाल्मलीच्या वाट्याला तेलगळतीनंतर जहाज अडकवून ठेवणाऱ्या देशाची बाजू आली. सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचा नवरा अशाच एका जहाजावर दीड वर्षापासून परक्या बंदरात अडकून पडला होता. फोनवर तो तिला किनाऱ्यावरचे दिवे दाखवायचा.

“बाजू बदलून घे,” केंद्राच्या मॅडम हळूच म्हणाल्या.

“असू दे मॅडम. मला हीच हवी होती.”

महिनाभर तिने केंद्रातली पुस्तकं पालथी घातली. खटल्याच्या दिवशी ती अशी बोलली, की चौकशी संपेपर्यंत एकाही खलाशाला घरी सोडता येणार नाही, हे परीक्षकांना पटलं. ती जिंकली.

टाळ्या थांबायच्या आत ती समोरच्या बाकापाशी गेली. खलाशांची बाजू मांडणारी निमिषा कागद आवरत होती.

“नवऱ्याला अडकवलंय ना, तिथल्या सरकारी वकिलाचंच म्हणणं मी मांडलं गं,” शाल्मली म्हणाली. “वाटलं, तू खोडून काढशील. मग तुझं उत्तर आमच्या वकिलाला कळवलं असतं.” तिने निमिषाच्या हातातले कागद घेऊन चाळले. “खरंच काही सापडलं नाही का तुला?”