बापूंची रोजची एकादशी

जवळ सरका मंडळी, एका उपासाची गोष्ट सांगतो.

आमच्या शिवरामबापूंचं आतडं निकामी झालं. तेव्हापासून देवघराच्या खुंटीला दुधासारख्या द्रवाची पिशवी टांगून जेवण नळीने थेट रक्तात सोडायचं. यंदाच्या आषाढी एकादशीला बापू अडून बसले, "पिशवी नको, उपास मोडेल." ग्लानी येऊ लागली तशी त्यांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, कीर्तनकार बुवांना बोलावलं.

बुवा म्हणाले, "उपास जिभेचा असतो, बापू. तुमच्या जिभेला वर्षभर कण लागला नाही. तुमची रोजच एकादशी."

बापूंनी पिशवी लावून घेतली. पण आता सगळी आळी पाया पडायला लोटली. "बापू, एवढ्या पुण्याचं एकटे काय करणार? थोडं आम्हाला द्या."

"सगळं न्या," बापू म्हणाले, "मला चमचाभर साबुदाण्याची खिचडी द्या."

द्वादशीला उपास सोडाल, तेव्हा पहिल्या घासाला आमच्या बापूंची आठवण काढा.