पाठीवरचा झेंडू

"ह्यो पिवळा न्हाई. ह्यो हळदीचा झाला," म्हणत प्रयागबाईनं सातवा कागद टेबलावर उलटा टाकला.

ज्योत्स्नानं आठवा कागद पुढं ओढला. खरं तर ती कुणाचं ऐकून घेणाऱ्यातली नव्हे. घोडेगावच्या एसटी स्टँडसमोर तिचं दुकान होतं. वाढदिवसाचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, वनखात्याचे फलक, दशक्रियेचे बॅनर, येईल ते छापायची. पण पुण्यात जाऊन शिकली होती ती लोगो करायला, आणि लोगोसाठी दुकानाची पायरी चढलेली प्रयागबाई ही पहिलीच. हे काम असं करायचं, की तालुक्यातला प्रत्येक बचतगट आपलं दुकान विचारत आला पाहिजे, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

प्रयागबाईचा गट नदीकाठच्या रानात झेंडू करायचा. गटाचं नाव रानमाया. गेल्या साली अकराजणी होत्या, आता चौघीच उरल्या होत्या.

"बाकीच्या कुठं गेल्या?" ज्योत्स्नानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"घरी बसल्यात. कामाला येत न्हाईत. म्हनून तर तुज्याकडं आले. हे चिन्ह जमलं तर येतील. न्हाई जमलं तर औंदा फुलं झाडावरच वाळायची."

ज्योत्स्नाला ते पटलं. नाव झालं की भाव येतो आणि भाव आला की माणसं येतात, एवढं तर तिलाही कळत होतं. तिनं कंबर कसली.

फिका केशरी आणि पोपटी असा नाजूक मेळ तिनं घातला होता. तो प्रयागबाईनं बघून न बघितल्यासारखा केला. मागं सगळं काळं पाहिजे म्हणाली. वर दोन फुलं, शेजारी शेजारी, वीतभर मोठी.

"फुलामागं काळं कोण लावतं मावशी? कसंसंच दिसेल."

"दिसू दे. आन् फुलाच्या मधी बी काळं टाक."

"झेंडूच्या मध्ये काळं नसतं."

"आमच्या झेंडूत आसतं," प्रयागबाई म्हणाली.

अक्षरांवर मात्र ज्योत्स्नाचा भारी जीव. तिनं चार वळणं काढून ठेवली होती. एक गोल, एक हातानं लिहिल्यासारखं, एक सडपातळ, एक जाड. प्रयागबाईला लिहितावाचता येत नव्हतं, तरी चारही कागद तिनं निरखून पाहिले. जाड्यावर बोट ठेवलं.

"हे घे. फुलांच्या खाली, लाल पट्टीवर पांढरं. आन् ह्या उभ्या रेघा हायेत ना, त्या खाली निमुळत्या कर. टोक काढ त्यांना."

रानमाया या नावात उभ्या रेघाच रेघा. "मावशी, नाव वाचता नाही यायचं."

"लांबून ठळक दिसलं की झालं."

ठळक दिसतंय का, ते तपासायची बाईची रीतही न्यारी. ज्योत्स्नाचे वडील रामदास डबा घेऊन आले होते. त्यांच्या पाठीवर कागद डकवून प्रयागबाईनं त्यांना दारातच, रस्त्याकडं पाठ करून उकिडवं बसवलं. बिचारे बसले. स्वतः वीस पावलं लांब गेली आणि भर स्टँडसमोर गुडघे, मग कोपरं टेकून बघायला लागली. एसटीची वाट बघणारी माणसं एसटी विसरली.

"मावशी, गिऱ्हाईक काय रांगत येतं का?" ज्योत्स्नाला हसू आवरेना.

प्रयागबाईनं उठून गुडघे झटकले. "पिवळा आजून पेटव."

अकराव्या कागदाला तिनं मान डोलावली. ज्योत्स्ना म्हणाली, पिशव्यांवर छापू, टेम्पोवर लावू. प्रयागबाई म्हणाली, काही नको, फक्त शर्टाच्या पाठीवर. रानात साडीवर पुरुषी शर्ट तर सगळ्याच घालायच्या. तिनं शर्टांचं गाठोडं पुढं केलं. ज्योत्स्नानं मोजले, दहा भरले.

"अकराजणी ना तुम्ही?"

"कोंडाबाईला नको."

"का? ती नाही यायची?"

"न्हाई."

गटातल्या रुसव्याफुगव्यात कशाला पडा, म्हणून ज्योत्स्नानं पुढं विचारलं नाही.

पंधरवड्यानं ती फोटो काढायला रानात गेली, आणि तिचा आनंद गगनात मावेना. दहाच्या दहाजणी आल्या होत्या. आपला लोगो कामाला आला, या विचारानं तिला भरून आलं. झेंडूच्या ओळीत सगळ्या खुरपत बसल्या होत्या. एका अंगाला रस्ता, दुसऱ्या अंगाला उभा ऊस. पाठी मात्र सगळ्यांच्या उसाकडं.

"मावशी, इकडं पाठ करा की. रस्ता इकडं आहे. उसातून कोण बघणार तुमचं नाव?"

एकीनंही जागा सोडली नाही. मग काय, ज्योत्स्नाच वळसा घालून उसाच्या कडेला गेली. फोटो चांगला यावा म्हणून खाली बसली, थोडी वाकली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

तिला फुलं दिसेनात. नावही दिसेना. काळ्यातून पिवळेजर्द डोळे तिच्यावर रोखलेले होते आणि त्यांच्याखाली लाल जबड्यात पांढरे सुळे ओळीनं लागले होते. आपणच काढलेलं चित्र, पण ती बसल्याबसल्या मागं सरकली.

"ज्योत्स्ना, तितनं ऊठ," मान न वळवता प्रयागबाई म्हणाली. "कोंडाबाई तितंच पाठमोरी खुरपत व्हती, तवा बिबट्यानं मान धरली तिची."