रुळापासून दहा फूट

जयसिंगचा चेंडू रिंगला शिवलासुद्धा नाही. त्यानं दुसरा टाकला, तोही तोकडा पडला. जयसिंगला नवल वाटलं, कारण नेम हीच तर त्याची जमेची बाजू होती. कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले जॉन्सनकाका गालात हसले आणि म्हणाले, जेवण अंमळ जास्त झालेलं दिसतंय.

रविवार होता. पुण्यातला सरावाचा हॉल बंद, म्हणून काकांच्या मुलानं, योहाननं, त्याला दौंडला घरी जेवायला बोलावलं होतं. जयसिंग शिरूरहून मोटारसायकलवर आला होता. मंडळी चर्चहून आल्यावर मटण झालं आणि मग योहान आईला हातभार लावायला घरी थांबला, जयसिंग तेवढा काकांबरोबर रेल्वे कॉलनीमागच्या या कोर्टावर आला. पुण्याच्या एका व्यावसायिक बास्केटबॉल संघाच्या निवडीचा कॅम्प चालू होता आणि त्यात आता एकच जागा उरली होती, राखीव सेंटरची. सेंटर म्हणजे रिंगखाली उभा राहणारा धिप्पाड गडी. तो दमला की आत जाणारा आणि एरवी बाकावर बसून टाळ्या वाजवणारा तो राखीव सेंटर. त्या बाकासाठी जयसिंग आणि योहान जिवाचं रान करत होते. जागा हुकली तर जयसिंगनं एमआयडीसीत कंत्राटी कामाला जायचं, असं घरी ठरून गेलं होतं. योहानपुढं तर तेवढंही नव्हतं.

उडीला आणि धक्के सोसायला योहान भारी होता. पण त्याचा चेंडू दर वेळी लांब जायचा आणि मागच्या लोखंडावर आपटून बाहेर यायचा. संघाचे कोच नवनाथ सर दिवसभर त्याचा हात बसवायचे. दुपार उलटेपर्यंत तो बसायचाही. संध्याकाळी योहान डेमू गाडीनं घरी जायचा आणि सकाळी परत यायचा तो पहिल्यासारखाच. सरांनी कपाळाला हात लावला होता.

जयसिंगनं रिंगखाली उडी मारून पाहिली. एरवी त्याचा अख्खा पंजा रिंगवर बसायचा, इथं नुसती बोटं लागली. ही रिंग कुणी बसवली, असं त्यानं काकांना विचारलं. काका ह्याच प्रश्नाची वाट बघत असावेत. ते रेल्वेतून ट्रॅकवरचे मुकादम म्हणून निवृत्त झाले होते. योहान लहान असताना त्यांनी पदरच्या पैशानं पाइप आणला होता आणि सुट्टीच्या दिवशी स्वतः खड्डा खणून खांब उभा केला होता.

"टेप लावून मोजलीया," काका म्हणाले. "बरोबर दहा फूट, रुळाच्या माथ्यापासनं. आमच्यात समदी उंची रुळापासनंच धरत्यात. फलाट घ्या, न्हाईतर शेड घ्या."

कोर्टाला लागूनच सायडिंगचा, म्हणजे रिकामे डबे उभे करायचा रूळ होता. रूळ खडीवर चढलेला आणि कोर्ट खाली, त्यामुळे रिंग चांगली वीतभर उंच झाली होती. काका रोज संध्याकाळी चेंडू पुसून इथं वाट बघत बसायचे. योहान गाडीतून उतरला की दिवेलागणीपर्यंत ह्याच रिंगवर टाकत राहायचा.

जयसिंगच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंच रिंगची सवय लागलेला योहानचा हात नेहमीच्या रिंगवर जास्त जोर लावत होता. हे योहानला सांगितलं तर त्याचा नेम सुधारणार आणि आपण कंपनीच्या गेटावर उभे राहणार. तेवढ्यात योहान घाईघाईनं आला आणि आईनं चहा टाकलाय म्हणून त्याला दंडाला धरून घेऊन गेला. जयसिंगनं चहा पिताना काही सांगितलं नाही. निघतानाही सांगितलं नाही. वाटेत त्याला स्वतःची लाज वाटली, पण मोटारसायकल काही त्यानं मागं वळवली नाही.

सोमवारी शेवटची चाचणी झाली. काका इस्त्रीचा शर्ट घालून मुद्दाम बघायला आले होते. जयसिंगचे चेंडू पडत गेले, योहानचे मागच्या लोखंडावर वाजत राहिले. खेळ संपल्यावर सरांनी दोघांना जवळ बोलावलं. काकाही लेकाच्या मागं येऊन उभे राहिले.

"जयसिंग, राग मानू नकोस, पण मला रिंगखाली योहानच हवाय," सर म्हणाले. "योहान, मला एकाच गोष्टीचा उलगडा होत नाही. तुमच्याकडची रिंग उंच आहे का? तसं असेल तर तिच्यावर टाकणं बंद कर. थोड्या दिवसांत हात बसेल, तुझं नाव मी आत्ताच कळवतो. पण खोट हातातच असेल तर माझा इलाज नाही."

लेक काय सांगतो ते काका ऐकत होते. एमआयडीसीत जावं लागलं तरी चालेल, असं जयसिंगनं एकदाचं ठरवलं.

"सर, ती रिंग…"

योहाननं त्याचं मनगट पकडलं आणि करकचून दाबलं. तो जयसिंगकडं बघतच नव्हता. तो बापाकडं बघत होता. काल चहाची एवढी घाई कशाला झाली होती, ते जयसिंगला आत्ता कळलं.

"रिंग बरोबर हाय, सर," योहान म्हणाला. "पप्पांनी मोजून बसवलीया. माझाच हात लांब पडतो."

सर जयसिंगच्या पाठीवर थाप मारून त्याचं नाव कळवायला आत गेले. जॉन्सनकाकांनी पुढं होऊन लेकाच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाराज हू नगं," ते म्हणाले. "आजपासनं आपल्या रिंगवर रोज तासभर जास्ती टाकू."