इस्त्रीच्या फळीवर देव

देव इस्त्रीच्या फळीवर बसले होते. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख आणि घंटा, ओळीने, हॉलमधल्या रेडिएटरसमोर. एरवी ते जिन्याखालच्या कपाटात राहत. पण घराखाली उतरायचं झाकण नेमकं त्याच कपाटात, देव्हाऱ्याच्या खाली निघालं होतं.

त्यांना हलवायलाच तीन दिवस लागले. यतीनच्या आई, लीलावतीबाई, गुरुवारी म्हणाल्या, गुरुवारी नको. शुक्रवार देवीचा. आज शनिवार मारुतीचा, पण घरात मारुतीच नव्हता, त्यामुळे त्यांना पटकन काही सुचलं नाही.

यतीन आता खाली होता, गुडघ्यांवर. प्लंबर येत्या बुधवारी येणार होता, त्याने फोनवर सांगितलं होतं, पाणी कुठे साचलंय ते आधी बघून ठेवा. त्याची बायको सुमेधा झाकणाखालच्या मोठ्या भोकाच्या काठाशी बॅटरी धरून बसली होती. नाताळपासून घराला ओल्या मोज्यांचा वास येत होता. तिने पडदे धुतले, कार्पेटवर सोडा टाकला, उदबत्त्या लावल्या. परवा बसमध्ये तिला स्वतःच्या कोटालाच तो वास आला, आणि वास कुणाचा म्हणून बघणाऱ्या लोकांसारखंच तिनेही इकडेतिकडे बघितलं.

"काय दिसतंय?" लीलावतीबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"पाणी," खालून आवाज आला. "चार बोटं तरी आहे."

थोड्या वेळाने त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात ताम्हन होतं. देवांची अंघोळ झाली होती, ते पाणी.

"अजून काय दिसतंय?"

"फुलं," यतीन म्हणाला.

सुमेधाने बॅटरी आणखी खाली धरली.

"शेवंतीच्या पाकळ्या. तांदूळ. कुंकू वाटतंय हे. वर कपाटाच्या तळाच्या फळीला एक भोक आहे, त्याच्या बरोब्बर खाली."

सुमेधाने फळीतल्या त्या भोकाकडे बघितलं. रुपयाएवढं. तिला इतके दिवस वाटायचं, जुन्या कुठल्या तरी वायरचं असेल. मग तिने सासूकडे बघितलं.

"सिंकमध्ये कसं टाकणार?" लीलावतीबाई म्हणाल्या. "खरकटी भांडी धुतो आपण तिथे. आणि अंगणात पाऊल टाकायचं नाही, हे तूच सांगितलंस, यतीन. मागच्या वर्षी बर्फावरून घसरले तेव्हा."

"रोज ओततेस?"

"तांब्याभर. एकादशीला दोन."

"आई, इथली तुळई हाताने कुस्करतेय. पोळीसारखी. आख्खं घर सडवलंस तू."

 लीलावतीबाईंनी ताम्हन दोन्ही हातांनी धरलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"माझं तिकीट काढ. मधुमतीकडे जाते मी नागपूरला. लेकीकडे नळ आहे, मोरी आहे, तुळस आहे."

यतीन बोलून बसला होता, आणि आता ते परत कसं घ्यायचं हे त्याला उमजत नसणार. हे असलं निस्तरायचं काम सुमेधाचंच असायचं. ती पोटावर आडवी झाली आणि डोकं भोकात घातलं.

"यतीन, बॉयलरच्या दाबाचा काटा रोज सकाळी खाली उतरलेला असतो. मी रोज पाणी भरते. ते जातं कुठे?"

"मला काय माहीत?"

"मागे वळ. भिंतीकडे. हीटिंगचा पाइप बघ."

अंधारात सरपटण्याचा आवाज. डोकं आपटल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसतं टप, टप.

"जॉइंट गळतोय," तो म्हणाला. "चांगला गळतोय."

"ऐकलंत, आई? तुमचं नाही ते पाणी."

"माझी समजूत काढू नका." लीलावतीबाई तशाच उभ्या होत्या. "दोन हिवाळे ओतलंय मी."

"जॉइंटखालचं पाणी ओंजळीत घेऊन ये रे," सुमेधा म्हणाली.

भोकातून यतीनची ओंजळ वर आली, मनगटापर्यंत चिखल. लीलावतीबाई भिंतीला धरून वाकल्या आणि त्यांनी बोट बुडवलं.

"कोमट आहे ना?" सुमेधा म्हणाली. "हीटिंगचंच ते."

"देवांनाही कोमटच घालते मी. थंडी काय कमी आहे?"

खालून एक विचित्र आवाज आला. यतीन हसत होता. कित्येक आठवड्यांत तो हसला नव्हता, त्यामुळे दोघींना ओळखायला जरा वेळ लागला.

"मग वास घ्या," सुमेधा म्हणाली.

लीलावतीबाईंनी बोट नाकाशी नेलं. गंजाचा, जुन्या लोखंडाचा वास. त्यांनी बोट पदराला पुसलं. पुन्हा एकदा हुंगलं.

"शी," त्या म्हणाल्या. आणि मग, "आमच्या देवांना असला वास नाही येत."

"नाही ना," भोकातून यतीन म्हणाला. "चुकलं माझं, आई."

"वर ये आधी. सर्दी होईल."

ताम्हन मात्र अजून त्यांच्या हातातच होतं. त्यांनी कपाटाकडे बघितलं, सिंककडे बघितलं, मग सुमेधाकडे. यतीननेही भोकातून तिच्याकडेच बघितलं.

सुमेधा उठली. गाऊनवर यतीनचा कोट चढवला, पायांत हाती लागले ते बूट घातले, ताम्हन घेतलं आणि मागचं दार उघडलं. ग्लासगोची थंडी अंगावर आली. अंगण पांढरं झालं होतं. गुलाबाच्या काटक्या तेवढ्या वर होत्या. तिने पाणी त्यांच्या मुळाशी ओतलं, तशी बर्फातून वाफ निघाली.

मागे काचेवर टकटक झाली. लीलावतीबाईंनी खिडकी बोटभर उघडली होती.

"सुमेधा, उद्या एकादशी आहे बरं का."